वाकडा धूर

झुळूक या शब्दाविषयी मराठी माणसाच्या मनात आकस असेल असे मला वाटत नाही. वैशाखातल्या दुपारी पश्चिमेकडून एखादी झुळूक आली की आपण सदऱ्याची वरची दोन बटणे काढतो आणि हुश्श करतो. तिच्यासाठी आपण खिडक्या समोरासमोर ठेवतो, ओसरीवर खाट टाकतो. वर्गात कविता शिकवताना हा शब्द मी गेल्या वीस वर्षांत शेकडो वेळा उच्चारला असेल. पण तो तक्रारीच्या सुरात कधी आल्याचे आठवत नाही. बाधतो तो गारठा, बोचते ती थंडी, झोंबतो तो वारा. झुळूक बिचारी नेहमी सुखाचीच! थंड देशातल्या बंद घरात जमिनीलगत सरपटत येऊन पिंढऱ्यांना गार बोट लावून जाणाऱ्या वाऱ्याला मात्र आपल्याकडे वेगळे नाव नाही. त्याची गरजच पडली नाही. पण नाव नसलेले दुखणे दुसऱ्याला सांगायचे म्हणजे मोठी पंचाईत. ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. माझ्या आईचे नेमके तेच झाले होते.

आई गेली काही वर्षे दादाकडे टोरांटोला असते. वरच्या खोल्या मुलांच्या अभ्यासात आणि सामानात गेलेल्या. म्हणून तिने आपण होऊनच तळघरातली खोली मागून घेतली. शेजारी न्हाणीघर, कोपऱ्यात देव, कुणाची ये-जा नाही. आपल्याकडे तळघर म्हटले की जुन्या वाड्यातला अंधार आणि धान्याच्या कणग्या डोळ्यांपुढे येतात. तिकडचे तळघर ही निराळीच गोष्ट. हिवाळ्यात तिथली जमीन गोठते आणि गोठताना फुगते. घर उचलले जाऊ नये म्हणून पाया त्या थराच्या खाली, म्हणजे निदान चार फूट न्यावा लागतो. एवढे खणायचेच तर आणखी थोडे खणून खोल्या का काढू नयेत, असा तो रोकडा हिशेब आहे.

जानेवारीत मी रजा काढून तिथे गेलो तेव्हा आई दोन स्वेटर, वर शाल आणि पायात लोकरीचे मोजे घालून बसली होती. "वारा लागतो रे इथं," ती म्हणाली. दादाने माझ्याकडे पाहून किंचित हसून घेतले. वरच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक छोटे यंत्र आहे. घर किती तापले आहे ते ते सांगते आणि त्याच्या सांगण्यावरून तळघरातली फर्नेस चालू-बंद होते. त्यावर २१ हा आकडा होता. दादाच्या लेखी तो कोर्टाचा निकाल होता. डॉक्टरांकडून थायरॉइड तपासून झाले होते. रक्त कमी आहे का तेही पाहून झाले होते. "आईला आता सगळीकडंच गार वाटतं," दादा म्हणाला. त्यात माया होती, पण प्रकरण मिटवून टाकण्याची घाईही होती.

"मला गार वाटतं ते जाऊ दे," आई म्हणाली, "पण या उदबत्तीलाही थायरॉइड झालाय का? बघ की. सहा महिने बघतेय मी. उन्हाळ्यात सरळ जायची. थंडी पडली की धूर कधी वर जात नाही. कायम दाराकडं."

मी पाहिले. धुराची रेघ बोटभर उभी चढली आणि कुणी फुंकर घालावी तशी दाराकडे कलली. दादानेही पाहिले. तो काही बोलला नाही. वर जाऊन त्याने मुलाच्या खोलीतला तापमापक आणला आणि देवांशेजारी ठेवला. पंधरा मिनिटांनी त्यात १७ दिसले.

पुढचा रविवार आम्ही तिघांनी त्या धुराच्या मागे घालवला. बाहेर उणे १४ होते. फर्नेस थोडा वेळ बंद ठेवली, म्हणजे तिच्या पंख्याचा वारा मध्ये येणार नाही. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला हवा बाहेर टाकणारा पंखा मात्र लावला, म्हणजे जिथे फट असेल तिथून हवा अधिक जोराने आत यावी. मी उदबत्ती घेऊन पुढे. निखारा पडला तर म्हणून पाण्याची वाटी घेऊन आई मागे.

पहिला संशय खिडकीवर. छतालगतच्या त्या बुटक्या खिडकीपाशी धूर चक्क खाली वाहू लागला. पण चौकटीभोवती उदबत्ती फिरवली तरी तो कुठे आत ढकलला जात नव्हता. खोलीतलीच हवा थंड काचेला टेकून जड होत होती आणि खाली ओघळत होती. तिथे फट नव्हती; जाड पडदा पुरेसा होता.

दुसरा संशय फर्नेसच्या खोलीतल्या एका जाड नळीवर. तिच्यातून बाहेरची बर्फगार हवा सरळ आत येत होती. "सापडला की चोर!" वहिनी वरून डोकावून म्हणाली. "जुना टॉवेल कोंबून टाकू?" पण दादाने तिला थांबवले. फर्नेस आणि पाणी तापवण्याची टाकी यांतल्या गॅसला जळायला हवा लागते, ती या नळीतून येते. ती बुजवली तर ज्वाळा अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. त्याला ना वास, ना रंग, आणि झोपेत माणसे जातात. काही गारठा घराला मुद्दाम आत घ्यावा लागतो. त्या खोलीचे दार तेवढे नीट बंद राहील असे केले.

खरा चोर आईच्या पलंगाच्या डोक्यावर होता. काँक्रीटची भिंत जिथे संपते आणि तिच्यावर लाकडी तुळयांचा सांगाडा टेकतो, तिथे खोट्या छताच्या वर काचेच्या लोकरीच्या उश्या ठासल्या होत्या. छताची एक पाटी उचलली तर गुलाबी लोकर जागोजागी काळी पडलेली. किती हिवाळ्यांची हवा तिच्यातून गाळली गेली होती आणि धूळ तेवढी मागे राहिली होती! लोकर ऊब धरून ठेवते. वारा काही अडवत नाही. आम्ही ती काढली, फोमचे तुकडे मापाने कापून बसवले आणि कडांना फुगणारा फेस भरला.

संध्याकाळी आईने पुन्हा उदबत्ती लावली. धूर पूर्वीपेक्षा सरळ, पण अजून दाराकडे झुकताच. "आत कुठून येतो ते बघितलंत," आई म्हणाली, "जातो कुठं ते बघा ना."

प्रश्न बिनतोड होता. थंड हवा जड असते : २० अंशांची एक घनमीटर हवा साधारण १.२ किलो भरते, तर उणे १५ अंशांची १.३७ किलोच्या आसपास. त्यामुळे हिवाळ्यात सगळे घरच धुराड्यासारखे वागते. हलकी गरम हवा वरच्या फटींतून निसटते आणि तेवढीच थंड हवा खालच्या फटींतून आत ओढली जाते. आम्ही उदबत्ती घेऊन जिना चढत गेलो. वरच्या बोळात, माळ्यावर जाण्याच्या चौकोनी झाकणाखाली ती धरली तर कुणी तोंडाने ओढून घ्यावा तसा धूर फटीतून वर गेला. झाकण उचलून पाहिले. छपरातून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर हिम जमले होते. घरातल्या माणसांचे श्वास आणि स्वयंपाकाची वाफ तिथे जाऊन गोठत होती. झाकण नुसते सैल ठेवलेले होते. वर राहणाऱ्यांना त्याचा काही त्रास नव्हता. त्यांच्या डोक्यावरून ऊब निघून जाई आणि तिची भरपाई दोन मजले खाली आईच्या पायांपाशी होई.

झाकणाच्या कडेला रबरी पट्टी बसवली, पाठीला जाड फोम लावला. दोन दिवसांनी आईच्या खोलीत २० दिसले. घर अगदी हवाबंद झाले नाही आणि ते होऊही नये; धूर थोडा हलतो. आईने एक स्वेटर उतरवला, शाल ठेवली. शाल सवयीची आहे, असे तिचे म्हणणे.

मी परत आलो त्याला आता बरेच महिने झाले. दादा फोनवर भिंतीवरच्या यंत्राचा आकडा आता सांगत नाही. वहिनी सांगत होती, कामावरून आला की तो बूट काढून आधी खाली जातो आणि दारातूनच विचारतो, "काय आई, आज उदबत्ती काय म्हणते?" आणि आई, कितीही काम असले तरी, त्याला बसवून सविस्तर सांगते.