अंधारातला संदेश

मैत्रिणींनो, साप्ताहिक हातात पडलं की आधी कुठलं पान उघडता? पाककृतींचं, की हळूच राशिभविष्याचं? उद्या काय होणार हे कुणाला जाणून घ्यायचं नसतं! त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मराठी बायबलमध्ये मात्र एक वेगळाच शब्द आहे : संदेष्टा. म्हणजे ज्योतिषी नव्हे, संदेश आणणारा. यशया हा असाच एक संदेष्टा, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. अश्शूरच्या फौजांची धास्ती पसरलेली असताना त्यानं अंधारातल्या माणसांना प्रकाशाविषयी आणि एका बाळाविषयी सांगितलं. तारीख नाही, वार नाही. पुढे ख्रिस्ती परंपरेनं ते बाळ म्हणजे येशूच, असं मानलं.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये दर २४ डिसेंबरला बायबलमधली नऊ वाचनं होतात आणि मधूनमधून नाताळची गीतं गायली जातात. यशयाचा संदेश त्यातलाच. ही उपासना सुरू केली एरिक मिल्नर-व्हाइट यांनी, १९१८ साली. पहिलं महायुद्ध नुकतंच थांबलं होतं आणि ते स्वतः युद्धात सैन्याचे धर्मगुरू होते. १९२८ साली बीबीसीनं ती रेडिओवर आणली.

मग दुसरं महायुद्ध आलं. चॅपलच्या जुन्या रंगीत काचा काढून ठेवल्या, ऐन थंडीत आत ऊब नाही. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून चॅपलचं नावही रेडिओवर सांगायचं नाही. गंमत बघा, त्या काळात ब्रिटनच्या रेडिओवर उद्याच्या हवामानाचा अंदाजसुद्धा बंद होता! उद्या पाऊस पडेल का, हे न सांगणाऱ्या त्या रेडिओवरून अडीच हजार वर्षांहून जुना संदेश मात्र घरोघरी पोचत होता. बाहेर ब्लॅकआउट, आणि वाचन प्रकाशाचं!

त्या बायकांना त्यातून काय मिळालं असेल, हे मला माझ्या आईवरून कळतं. डिसेंबर १९७१. मुंबईत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, आणि दादा सीमेवर. आई बारीक आवाजात रेडिओ लावून त्याला कान देऊन बसायची. एकदा मी म्हटलं, "अगं, बातम्यांत दादाचं नाव थोडंच येणार आहे?"

"नसू दे गं. अंधारात कुणीतरी बोलतंय ना, तेवढं पुरे," ती म्हणाली.

दादा परत आला. समोरच्या काकूंचा मुलगा आला नाही. रेडिओ तर दोन्ही घरांत लागत होता.

म्हणून मला वाटतं, संदेश म्हणजे हमी नव्हे. तो उद्याचं सांगत नाही, आजची रात्र काढायला बळ देतो. मिल्नर-व्हाइट यांना हे ठाऊक असावं. त्यांच्या सुरुवातीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची, एकाकी माणसांची, शोक करणाऱ्यांची आठवण आहे. आणि जे आता आपल्यात नाहीत त्यांचीही. काकूंसारख्यांना त्यात जागा आहे, बरं का.

ही उपासना आजही रेडिओवर लागते. तिथले दुपारचे तीन, म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ. येत्या २४ डिसेंबरला मागचं आवरून झालं की जरूर ऐका. धर्म कुठलाही असो. वाट पाहणं तर आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचं आहे, नाही का?