उरल्यासुरल्याचे खाते

बँकेत आमच्याकडे एक खाते असते. त्याचे नाव सस्पेन्स खाते. ज्या रकमेचा आगापिछा लागत नाही ती तूर्त तिथे टाकायची आणि मग सवडीने तिचा धनी शोधायचा. संध्याकाळी टॅली जुळावी आणि माणसाने वेळेवर घरी जावे, एवढाच त्यामागचा उदात्त हेतू. पण ऑडिटर आला की पहिले बोट त्याच खात्यावर ठेवतो. "हे किती दिवस असंच पडून राहणार?"

हाच प्रश्न, अगदी याच आवाजात, सौ.ने मला गेल्या पावसाळ्यात विचारला. फरक इतकाच, की तिचे बोट मागच्या पडवीतल्या अकरा बाटल्यांवर होते.

या बाटल्यांचा इतिहास जुना आहे. दहावीला शास्त्रात बरे गुण असूनही वडिलांनी मला कॉमर्सला घातले. "सायन्सवाल्याला प्रयोगशाळा लागते, कॉमर्सवाल्याला खुर्ची पुरते," असे त्यांचे मत. खुर्ची मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीन वर्षांपूर्वी कन्येच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांचे अग्निशामक यंत्र केले. प्रदर्शन संपल्यावर कन्या थांबली. मी थांबलो नाही.

रसायनशास्त्र हे जमाखर्चासारखेच आहे हो! जे आत गेले ते कुठल्या तरी रूपाने बाहेर निघालेच पाहिजे. अठराव्या शतकात हे तराजूने तोलून दाखवणारा फ्रान्सचा लव्हाझिए पोटासाठी करवसुलीच्या धंद्यात होता. १७९४ साली त्याचे डोके उडवले, ते प्रयोगांपायी नव्हे, वसुलीपायी. आमच्या कर्जवसुली विभागाने याची नोंद घ्यावी.

तेव्हा प्रयोग झाला की मागे काहीतरी उरतेच, आणि ते मोरीत ओतून देणे मला जिवावर येते. सौ.ला मी पर्किनची गोष्ट सांगितली. १८५६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हा पोरगा लंडनला घरच्या प्रयोगशाळेत डांबरापासून निघालेल्या मालातून क्विनाइन करायला बसला. क्विनाइन झाले नाही, काळा गाळ उरला. तो अल्कोहोलने धुताना जांभळा रंग सुटला, आणि त्या रंगावर त्याने कारखाना काढला.

"अठराव्या वर्षी ना?" सौ. म्हणाली. "तुम्हाला आता किती चालू आहे?"

मुदत मिळाली दिवाळीपर्यंत. प्रत्येक बाटली कामाला लागेल, नाहीतर घराबाहेर जाईल. आणि पडवीतले काहीही स्वयंपाकघरात येणार नाही, हे पोटकलम.

पहिली बाटली हिरव्या पाण्याची. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळे टाकले की खिळ्यांवर तांबे चढते आणि पाण्यात हिराकस उरतो. हिराकसात हिरड्याचा काढा घातला की काळी शाई होते. या जातीच्या शाईने जगात शेकडो वर्षे दस्तऐवज लिहिले गेले. तिचा दोष एकच; कालांतराने ती कागद खाते. आमच्या काही कर्जदारांना ही शाई फार आवडेल. मी हौसेने ती पेनात भरली आणि ती माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात उतरली. लिंबू-मीठ चोळून डाग काढला, तो सौ.ने.

"पण हा गावचाच वारसा आहे," मी म्हणालो. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१-१६१५) पांघरायच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले. सुमारे ४० फूट लांबीची ती पासोडी गावात जपलेली आहे. "पांघरायचं कापड लिहायला घेतलं, तेव्हा त्यांच्या घरचे काही बोलले असतील का?"

"ते दासोपंत होते," सौ. म्हणाली. या वाक्याला उत्तर नाही.

दुसऱ्या बाटलीत चुन्याची निवळी होती. तीत कर्बवायू सोडला की पांढरा साका बसतो. त्याने देवाची समई लख्ख निघाली. सौ.ने समईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही बोलली नाही. आमच्या घरात याला मंजुरी म्हणतात.

उरले ते अग्निशामक यंत्राचे पाणी, अडीच लिटर. तीन वर्षांची शिल्लक. ते पडवीत जुन्या शेगडीवर आटवले, तेव्हा दोन-अडीचशे ग्रॅम सोडियम ॲसिटेट हाती आले. गॅसचा खर्च खतवला तर हा व्यवहार शुद्ध तोट्याचा. पण या मिठाचा एक गुण आहे. थोड्या पाण्यात गरम करून पातळ करा आणि हात न लावता निवू द्या. ते पातळच राहते. मग त्यात त्याचाच एक कण टाका. क्षणात सगळे गोठते आणि गोठताना ऊब सोडते, चांगली पन्नास अंशांच्या वरची.

दिवाळीत थंडी पडली, तशी आईचे गुडघे बोलू लागले. मी दोन जाड पिशव्यांत ते पातळ मीठ भरले, तिच्यासमोर कण टाकला आणि पंचात गुंडाळून पिशवी तिच्या गुडघ्यावर ठेवली.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "विस्तवाशिवाय तापलं रे हे!"

"उकळत्या पाण्यात ठेवलं की पुन्हा पातळ होतं. पुन्हा वापरता येतं."

"इतकं येत होतं तुला, मग तुला सायन्सला का नाही घातलं आम्ही?"

ही नोंद तीस वर्षे सस्पेन्स खात्यात पडून होती. तिचा धनी असा अवचित समोर येईल असे वाटले नव्हते. मी वडिलांच्या फोटोकडे पाहिले. "सायन्सला गेलो असतो, तर हे सगळं ऑफिसात करावं लागलं असतं," मी म्हणालो. "घरी कशाला केलं असतं?"

आईला ते पटले असावे. कारण तिने डोळे मिटले आणि विचारले, "बरं, दुसऱ्या गुडघ्याचं काय?"

पण तेवढ्यासाठी आणखी अडीच लिटर लागते. सध्या सौ. स्वतःच व्हिनेगर आणते आहे.