दवाखान्याची खतावणी

व्यापारी माणूस तोटा बाजारापासून लपवील, पण वहीपासून लपवीत नाही. वर्षअखेरीस खतावणी जुळवताना तो मांडावाच लागतो. मनाचा आजार मात्र घरातल्या कोणत्याच वहीत नोंदला जात नाही. मुलाला थोडा थकवा आहे, वडिलांचा स्वभावच तापट आहे, असे सांगून वेळ निभावली जाते. मुलामुलींची लग्ने व्हायची असतात, पेठेतली पत सांभाळायची असते.

अमेरिकेतही हे निराळे नव्हते. मिशिगन राज्यातील क्लेअर या लहान गावी ग्रीअर कुटुंबाचे ओल्ड्समोबिल मोटारी विकण्याचे दुकान होते. त्या घरातील वडिलांना बायपोलर विकार होता. पण योग्य निदान होण्यात वर्षे गेली. निदान झाले, उपचार मिळाले, तेव्हा ते सावरले. त्यांची कन्या डेबी स्टॅबेनाऊ पुढे सिनेटर झाल्या. घरची ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, जाहीरपणे सांगितली. आणि विरोधी पक्षाचे रॉय ब्लंट यांना सोबत घेऊन एका कायद्याचा पाठपुरावा केला. 2014 मध्ये तो संमत झाला.

तत्पूर्वी एक मोठा प्रयत्न अर्ध्यावर राहिला होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या बहिणीची, रोजमेरीची, 1941 मध्ये मेंदूवरील शस्त्रक्रियेने कायमची हानी झाली आणि कुटुंबाने तिला अनेक वर्षे लोकांच्या नजरेआड ठेवले. त्याच केनेडींनी 31 ऑक्टोबर 1963 रोजी गावोगावी मानसिक आरोग्य केंद्रे उभारण्याच्या कायद्यावर सही केली. इमारतींना पैसा मिळाला. केंद्रे चालवण्याची कायमची तजवीज मात्र झाली नाही. 1981 मध्ये हा निधी राज्यांच्या एकत्रित अनुदानात मिसळला गेला आणि घटला. मोठी मनोरुग्णालये रिकामी झाली, योजलेली केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत, आणि कित्येक रुग्ण रस्त्यावर किंवा तुरुंगात गेले.

नव्या योजनेचे मर्म हिशेबात आहे. पूर्वी गरिबांच्या सरकारी विम्यातून, म्हणजे मेडिकेडमधून, प्रत्येक सेवेचे ठरावीक पैसे मिळत. ते अनेकदा खर्चाहून कमी असत. खरेदीच्या भावाखाली विकणारे दुकान किती दिवस चालणार? आता केंद्र आपला वर्षाचा खरा खर्च मांडते. त्याला रुग्णभेटींच्या दिवसांनी भागून दर ठरतो. समजा, खर्च 20 लाख डॉलर आणि भेटीचे दिवस 10 हजार, तर दर दिवसाला 200 डॉलर. काही राज्ये हाच दर महिन्यावर बांधतात. रात्री संकटात धावून जाणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, रुग्णाच्या घरी केलेली विचारपूस, हे सारे त्या खर्चात धरले जाते.

मोबदल्यात केंद्राला राज्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी संकटकालीन मदत, तपासणी, व्यसनोपचार यांसह 9 प्रकारच्या सेवांची व्यवस्था ठेवावी लागते. तातडीच्या रुग्णाची एका कामकाजाच्या दिवसात, इतरांची कामकाजाच्या दहा दिवसांत प्राथमिक तपासणी व्हावी, असा दंडक आहे. पैसे नाहीत किंवा राहणे दुसऱ्या भागात आहे, या कारणाने कोणाला परत पाठवता येत नाही.

2017 मध्ये 8 राज्यांत ही पद्धत सुरू झाली. 2022 च्या कायद्याने 2024 पासून दर दोन वर्षांनी 10 नव्या राज्यांची वाट मोकळी केली. उणीव उरलीच आहे. हा दर मेडिकेडच्या रुग्णांपुरता आहे. काही केंद्रे केवळ मुदतीच्या अनुदानावर उभी आहेत, आणि मुदत संपली की जुनीच विवंचना परतते. एक वेळचे दान इमारत बांधते. दिवा रोज तेवत ठेवायला रोजच्या तेलाची सोय लागते.

पहिल्या 8 राज्यांत न्यू जर्सी होते. तेथे गुजराती, मराठी व्यापारी घराण्यांची कितीतरी मुले स्थायिक आहेत. त्यांनाही तो दरवाजा उघडा आहे. महाराष्ट्रातही 14416 या क्रमांकावर टेली-मानसची विनामूल्य सेवा रात्रंदिवस मिळते, मराठीतूनही. सरकार दर ठरवील, प्रमाणपत्र देईल, दार उघडे ठेवील. पण त्या दारापर्यंत आजारी माणसाचा हात धरून न्यावे लागते, आणि त्यासाठी आधी घरच्या वहीत ती नोंद व्हावी लागते.