दिवा नसलेली गाडी

कोल्हापुरात पाहुणा आला, की त्याला अंबाबाईचे दर्शन घडवावे, संध्याकाळी रंकाळ्यावर न्यावे आणि परत जाताना पायताणांचा एक जोड घेऊन द्यावा, असा आमच्याकडचा रिवाज आहे. मीही तो पाळतो. पण पाहुणा जरा जवळचा निघाला, तर मी त्याला हळूच शिवाजी उद्यमनगरात घेऊन जातो. पाहण्यासारखे तिथे काही नाही. लेथची घरघर, वेल्डिंगच्या ठिणग्या, बोळाच्या तोंडाशी पडलेली ओतकामाची काळी वाळू आणि या सगळ्यांवर तरंगणारा कटिंग ऑइलचा वास. आमच्या सौभाग्यवतींच्या मते त्या वासाने डोके दुखते. मला त्या वासाने भूक लागते. छत्तीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांच्या हातात कानस देण्यात घालवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करायची?

तर या उद्यमनगरातून कोइमतूरपर्यंत झालेल्या एका प्रवासाची ही हकीकत आहे. प्रवासी तिघे होते : मी, माझा भाचा आणि एक मोटारसायकल. त्यातली मोटारसायकल साडेनऊशे किलोमीटर टेंपोत उभी राहून गेली, आणि आम्ही दोघे बसून गेलो, एवढाच काय तो फरक.

गाडी भाच्याची. यामाहाची आर-१५, २००८ साली ही गाडी आपल्याकडे प्रथम आली, त्या पहिल्या घाटाची. दीडशे सीसीला काही दशांशच कमी, पाण्याने थंड होणारे इंजिन, सहा गिअर. भाच्याने ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती आणि गेल्या श्रावणात आंबा घाटात तिच्यासकट तो आडवा झाला. वळणावर पावसाने वाहून आलेली बारीक खडी होती आणि समोरून जीप. गळपट्टीचे हाड मोडले, उजवे मनगट मोडले, आणि सहा आठवडे आमच्या आक्काने त्याला लहान मुलासारखे घास भरवले. मनगट जुळले. गाडी मात्र आक्काच्या परसात शेवग्याखाली, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून आठ महिने पडून होती. आक्का भांडी घासायला मागे गेली, की तिला ती दिसे, आणि दिसली की तिचे डोळे भरून येत.

शेवटी तिने भंगारवाला बोलावला. त्याने आठ हजार सांगितले. त्याच वेळी मी नेमका दारात! भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी म्हणून गेलो, "आक्का, मी दहा देतो."

"आणि करणार काय तिचं?"

"दुरुस्त करतो. शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्यापुरती."

आक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ट्रॅकवर काय, गादी अंथरलेली असते व्हय?"

नसते. पण ट्रॅकवर समोरून जीप येत नाही, खडी आदल्या दिवशी झाडलेली असते, म्हैस आडवी येत नाही, आणि पडलेल्या माणसाला घसरत जायला मोकळी जागा असते. शिवाय रुग्णवाहिका दारात उभी असते. हे मी तिला सांगितले. तिने अट घातली : ही गाडी पुन्हा रस्त्यावर दिसली, तर राखी बांधायला दुसरा भाऊ शोधीन. मी कबूल झालो. घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितले, तेव्हा त्यांनी फक्त दहा हजारांचा हिशेब विचारला. त्या बिचारीला पुढचे खर्च ठाऊक नव्हते; मलाही नव्हते.

उद्यमनगरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वर्कशॉप आहे. त्याच्या एका कोपऱ्यात गाडी उघडायला घेतली. मोडलेली गाडी विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी दोरा विकत घ्यावा, असे माझे मत आहे. मागच्या टायरला दोरा गुंडाळून दोन्ही बाजूंनी तो पुढच्या चाकापर्यंत ताणायचा. मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद, तेव्हा पुढे दोन्हीकडे थोडी फट राहते. ती दोन्हीकडे सारखी असेल, तर चाके एका रेषेत. आमची सारखी नव्हती. पुढच्या फोर्कच्या नळ्या काढून व्ही-ब्लॉकवर फिरवल्या, तर डायलचा काटा तीन मिलीमीटर नाचला. विद्यार्थी म्हणाला, "सर, प्रेसवर सरळ करून देतो की." मी नको म्हटले. एकदा वाकलेली नळी पुढच्या वेळी कुठे वाकायचे ते लक्षात ठेवते. पुण्याच्या नाना पेठेत जाऊन दुसऱ्या गाडीच्या सरळ नळ्या साडेतीन हजारांना आणल्या. नाना पेठेतल्या त्या सुट्या भागांच्या गल्ल्यांविषयी एखाद्या दिवाळी अंकात स्वतंत्र लिहिता येईल. तिथला दुकानदार तुम्ही हातात धरलेला तुकडा लांबूनच पाहतो आणि गाडीचे साल सांगतो.

पण खरी धास्ती नळ्यांची नव्हती, सांगाड्याची होती. हँडल जिथे सांगाड्यात बसते, त्या गळ्याला आंबा घाटातला सगळा धक्का बसलेला. तिथे केसाएवढी चीर असली, तर ती डोळ्यांना दिसत नाही. ओतकामवाले चीर शोधायला जी युक्ती वापरतात, तीच आम्ही वापरली. रंग खरवडून सांधा स्वच्छ केला, त्यावर लाल पातळ रंग फवारला, दहा मिनिटे थांबलो, पुसून काढला आणि वरून पांढरी भुकटी फवारली. चीर असेल, तर आत मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. मी मनाशी ठरवून टाकले होते : गळ्यावर रेघ उमटली, तर संध्याकाळी भंगारवाल्याला फोन. भाच्याला हे बोललो नव्हतो. पण त्याला ते कळले असावे, कारण तो चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेला आणि चहा थंड होईपर्यंत आलाच नाही.

पायटा बसवायच्या कानावर एक लाल रेघ उमटली. ती वेल्डिंगने भरून निघण्यासारखी होती. गळा पांढराशुभ्र राहिला.

मग उत्साहाला भरते आले. भाचा इंजिन उघडायच्या गोष्टी करू लागला. पिस्टन बदलू, अमुक करू, तमुक करू! तरुणांचा सगळा जीव इंजिनात असतो. मी व्हॉल्व्हची फट तपासली, ऑइल आणि फिल्टर बदलले आणि इंजिनाला नमस्कार केला. ज्याचा खिसा बेताचा, त्याने पैसे टायरला आणि ब्रेकला द्यावेत. गाडी पळवायला इंजिन लागते, हे कुणालाही समजते, पण वळवायला आणि थांबवायला काय लागते, हे पडल्यावर समजते. साडेसात हजार टायरांना गेले. ब्रेकची रबरी नळी काढून पोलादी जाळीची घातली. रेडिएटर फुटला होता, तो जुन्यातला आणला. फुटलेल्या प्लॅस्टिकच्या जागी एका मूर्तिकाराकडून फायबरचे अंग करून घेतले. गणपतीचे साचे काढणारा तो माणूस. त्याने पहिल्याच खेपेला इतका गुळगुळीत घाट दिला, की गाडी गजमुखासारखी दिसू लागली. पोटाखालचा भाग मात्र मुद्दाम पसरट ताटासारखा करून घेतला : इंजिन फुटले, तर ऑइल ट्रॅकवर न सांडता त्यात साठावे. मागून येणाऱ्याचा जीव त्या ताटावर असतो.

आणि मग काढायची कामे. ट्रॅकची गाडी म्हणजे रस्त्याच्या गाडीचा संन्यास. आरसे गेले, हॉर्न गेला, इंडिकेटर गेले, दोन्ही स्टँड गेले. रेडिएटरमधले हिरवे कूलंट काढून साधे डिस्टिल्ड वॉटर भरले, कारण कूलंट सांडले तर डांबरावर तेलासारखे निसरडे होते. ऑइलच्या नटाला बारीक भोक पाडून तो तारेने बांधून टाकला, म्हणजे धक्क्यांनी सैल झाला तरी सुटणार नाही. ही तार पिळायचे काम मी भाच्याकडे दिले. उजव्या मनगटाने. पहिल्या दिवशी चार पिळातच त्याच्या कपाळावर घाम आला. महिन्याभराने तो पिळता पिळता गप्पा मारू लागला, आणि माझ्या मते खरी दुरुस्ती ती होती.

पुढचा दिवा काढला त्या दिवशी आक्का डबा घेऊन आली होती. दिव्याच्या जागेकडे पाहत म्हणाली, "आणि रात्रीची जाणार कशी ही?"

"जाणारच नाही, आक्का."

"पावसात?"

"टेंपोतनं."

आर. टी. ओ.त नोंदणी रद्द करायचा अर्ज झाला आणि सगळे सोपस्कार उरकले, तेव्हा गाडीवरची उरलीसुरली जुनी नंबरपाटी तिने मागून घेतली. ती तिने ट्रंकेत शालूखाली ठेवली आहे. का, ते मी विचारले नाही.

पौषातल्या एका गुरुवारी रात्री आम्ही निघालो. निपाणीला चहा झाला, तवंदीचा घाट ओलांडला, आणि बेळगाव मागे पडेपर्यंत टेंपोचा ड्रायव्हर व भाचा आळीपाळीने जांभया देत होते. पहाटे दावणगेरे. तिथला लोण्याचा डोसा न खाता पुढे जाणारा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. चित्रदुर्गाला उजेड झाला होता; डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. बंगळूर ओलांडायला जो वेळ लागला, त्याचे वर्णन करीत नाही. ज्यांनी ओलांडले आहे त्यांना ते नको, आणि इतरांचा विश्वास बसायचा नाही. पुढे होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी, मग तोप्पूरचा उतार, सेलम. रात्री कोइमतूर.

कोइमतूर पाहून मला चुलतभाऊ भेटल्यासारखे झाले. तेच ओतकाम, त्याच लेथ, पंपाच्या कवचांचे तसेच ढीग. फक्त पाट्यांवरची लिपी गोलसर. कापसाच्या गिरण्यांचे हे गाव, आणि गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करता करता यंत्रे बनवू लागलेले. अशा गावात मोटारशर्यतीचे वेड जन्माला यावे, यात नवल नाही. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन इथला; २००५ साली तो त्या शर्यतीत उतरला. त्याच्याही आधी इथे करिवर्धन नावाचे गृहस्थ होऊन गेले. मारुतीचे इंजिन घेऊन त्यांनी एका माणसाच्या शर्यती मोटारी इथेच बनवल्या, म्हणजे बेताच्या पैशात आपल्या पोरांना शर्यत शिकता यावी. १९९५ साली ते विमान अपघातात गेले. चेट्टिपाळयमचा ट्रॅक त्यांच्या नावाचा आहे : करी मोटर स्पीडवे. लांबी २.१ किलोमीटर.

आणखी एक गोष्ट. आमचा सह्याद्री दक्षिणेला धावत धावत याच गावाच्या पश्चिमेला पालघाटच्या खिंडीशी तुटतो. ज्या डोंगराने आंब्यात पोराला पाडले, तो डोंगर इथे वाट देतो. मला हे सुचले ते मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामा, हेल्मेटची काच पुसून दे."

सकाळी गाड्यांची तपासणी होती. तपासणारे गृहस्थ पन्नाशीचे, कानावर पेन्सिल. तार पाहिली, मान डोलावली. पोटाखालचे ताट पाहिले, मान डोलावली. माझी छाती फुगत चालली होती. मग त्यांनी हँडल पूर्ण डावीकडे वळवले, अॅक्सिलरेटर पिळला आणि सोडला.

तो परत आला नाही. अर्ध्यावर अडकून राहिला.

त्यांनी पुन्हा केले. पुन्हा तेच. नवे हँडल बसवताना केबल मी सांगाड्याच्या आतून ओढून बसवली होती. सरळ हँडलवर ती ठीक चाले, पूर्ण वळवले की ताणून धरे. छत्तीस वर्षे मुलांना 'दोन्ही टोकांना फिरवून पाहा' म्हणून ओरडणारा मी. मीच एका टोकाला फिरवून पाहिले होते. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली, फुली मारली आणि भाच्याकडे एकदा व माझ्याकडे एकदा पाहिले. आर. टी. ओ.चा अर्ज, आक्काची शपथ, लाल रंग, पांढरी भुकटी, सगळे मला त्या नजरेत दिसले. केबल सोडवून मोकळ्या वाटेने पुन्हा बसवायला वीस मिनिटे लागली. माझे हात थरथरत होते म्हणून शेवटचा नट भाच्याने आवळला. मग आम्ही दोघांनी हँडल डावीकडे नेले, उजवीकडे नेले, किती वेळा ते मोजले नाही.

भाड्याचा चामडी पोशाख चढवून तो पहिल्या फेरीला गेला, तेव्हा त्याच्या पाठीवर सगळा आंबा घाट बसला होता. प्रत्येक वळणाआधी तो इतका हळू होई, की लहान लहान पोरे त्याला भुर्रकन मागे टाकत. माझ्या हातातल्या घड्याळात दोन मिनिटांच्या वर फेरी. शिकवणाऱ्याने त्याला बाजूला घेऊन एवढेच सांगितले, की पुढच्या चाकाकडे पाहू नकोस, वळण जिथे संपते तिथे पहा. दुपारपर्यंत फेरी पावणेदोन मिनिटांवर आली. वळणात गुडघा बाहेर काढायची हौसही त्याला सुटली. गुडघा जमिनीपासून हातभर वर होता, ते सोडा.

तिसऱ्या प्रहरी एका हळू वळणावर पिवळे निशाण हलले. मी उठून उभा राहिलो. कुंपणापलीकडे जायची परवानगी नसते. मातीचा एक लोट, मग काही नाही, मग मातीतून एक चामडी आकृती उभी राहिली, तिने आधी हात झटकले, मनगट फिरवून पाहिले आणि गाडी उचलायला वाकली. गजमुखाची एक बाजू खरवडली होती. ऑइलचा थेंब सांडला नव्हता.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. भाचा पलीकडे केळीच्या पानावर दहीभात खात बसला होता. त्याने मानेने नको नको केले.

"पडला का?" आक्काने पहिलाच प्रश्न विचारला.

"पडला," मी म्हटले.

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"काय करतोय आता?"

"जेवतोय."

"कुठल्या हातानं?"

मी वळून पाहिले. "उजव्या."

"बरं," ती म्हणाली, "येताना म्हैसूरवरनं या. उदबत्त्या आणायच्यात."