गवळ्याची सायकल

हरत असताना डावातून उठावं, हे आपल्याला लहानपणापासून सगळे सांगतात. धर्मराजाची गोष्ट त्यासाठीच तर असते. पण जिंकत असताना कधी उठायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलंय? मला शिकवलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

ऑकलंडमध्ये माउंट रॉस्किलला एका मित्राच्या घरी महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही सहा मराठी माणसं पोकर खेळतो. स्काय टॉवरच्या पायथ्याशी 1996 पासून कॅसिनो आहे, पण कॅसिनोत पोकर खेळलं, की टेबलावरून कॅसिनो स्वतःचा वाटा कापून घेतो. घरी कुणी कमिशन घेत नसेल, तर आपापसांत खेळायला इथल्या 2003 च्या कायद्याची हरकत नाही. चाळीस डॉलर घालून बसायचं, मिसळ खायची, आणि पत्ते पिसता पिसता व्हिसा, घरं आणि आईबाबांची दुखणी यांवर बोलायचं. ज्यांनी देश सोडलाय त्यांना त्या टेबलाची किंमत वेगळी सांगायला नको.

गेल्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी अकराच्या सुमाराला माझ्यासमोर दोनशे दहा डॉलरच्या चिप्स होत्या. म्हणजे एकशे सत्तर वर. मनात एकच वाक्य घोळत होतं : आता ऊठ, नाहीतर सगळं जाईल.

मी पोस्टडॉक आहे, दिवसभर संभाव्यतेचीच गणितं करते. त्यामुळे हे वाक्य खोटं आहे हे मला माहीत होतं. जोसेफ डूब या गणितज्ञाचं एक प्रमेय आहे. त्याचा साधा अर्थ असा, की खेळ खरोखर सम असेल, तर उठण्याची कुठलीही हुशार वेळ निवडून तुमची सरासरी कमाई वाढत नाही. 'वर असताना उठलो' याचं समाधान मिळतं, फायदा मिळत नाही. आज वाचवलेले एकशे सत्तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा टेबलावर येतातच. सगळ्या रात्री जोडून एकच लांब डाव चाललेला असतो.

1997 मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांना असं दिसलं, की चांगल्या धंद्याच्या दिवशी ठरलेली कमाई झाली की चालक लवकर घरी जातात आणि मंदीच्या दिवशी उशिरापर्यंत गाडी फिरवत राहतात. म्हणजे नेमकं उलटं. पुढे इतरांनी या निष्कर्षावर आक्षेप घेतले, पण पोकरच्या टेबलावर मी हा प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय : जिंकणारा घाईने उठतो आणि हरणारा पहाटेपर्यंत बसतो.

मग उठायचं कधी? चिप्सकडे न बघता तीन प्रश्न विचारायचे. टेबलावरचे बाकीचे आपल्यापेक्षा वाईट खेळतायत का? आपलं डोकं जागेवर आहे का? उद्या सकाळी काही काम आहे का? त्या रात्री तिन्ही उत्तरं 'बस' असंच सांगत होती. म्हणून मी बसले.

आता खरी गोष्ट सांगते. टेबल माझ्यासाठी चांगलं होतं, कारण समोर एक मुलगा वाईट खेळत होता. वर्षभरापूर्वी शिकायला आलेला, मला ताई म्हणणारा. त्याचे तीन वेळा घातलेले चाळीस संपत आले होते. गेलेलं एका डावात परत मिळवायच्या नादात तो काहीही पत्त्यांवर सगळ्या चिप्स पुढे ढकलत होता. गणिताच्या भाषेत टेबल 'चांगलं' असणं म्हणजे हेच. त्याने फोनवरून बँकेतले पैसे पाठवून आणखी दोनदा चाळीस घातले. त्यातले बरेचसे माझ्याकडे आले. उठले तेव्हा अडीच वाजले होते आणि मी अडीचशे डॉलर वर होते.

त्यातले शेवटचे ऐंशी त्याच्या भाड्यातले होते, हे मला चार दिवसांनी कळलं. इथे भाडं आठवड्याला द्यावं लागतं. मी पैसे परत द्यायला गेले. तो म्हणाला, "ताई, मी जिंकलो असतो तर तुला परत दिले असते का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे माझ्याकडेच राहिले.

नंतर मी द्यूताची गोष्ट पुन्हा वाचली. पहिल्या द्यूतात गेलेलं सगळं धृतराष्ट्राने पांडवांना परत केलं होतं. ते वाटेला लागल्यावर त्यांना अनुद्यूतासाठी माघारी बोलावलं ते जिंकणाऱ्यांनी. आपण युधिष्ठिराचं व्यसन लक्षात ठेवतो, पण समोरचा फासे टाकायचा थांबला नाही, हे विसरतो. मी नियम मोडला नव्हता, कुणाला बोलावलंही नव्हतं. मी फक्त उठले नव्हते.

आणि तेव्हा मिरजेचं आजोळ आठवलं. गोकुळाष्टमीच्या रात्री चिंचोके लावून रात्रभर पत्ते चालायचे. पहाटे गवळ्याची सायकल वाजली, की आजोबा हातातले पत्ते खाली ठेवायचे. कुणाचे चिंचोके किती हे तोवर कुणी मोजायचं नाही. जिंकणारा कुरकुरला तरी डाव मोडायचाच. गवळ्याला कुठे ठाऊक असायचं आत कोण जिंकतंय? म्हणूनच त्याची वेळ सगळ्यांना मान्य असायची. मला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही, मी ते शिकणं म्हणून मोजलंच नव्हतं.

आता आमचे दोन नियम आहेत. दोनदा पैसे घालून झाले की तिसऱ्यांदा नाही, आणि डॉमिनियन रोडवरून शहराकडे जाणाऱ्या शेवटच्या बसला निघता येईल अशा बेताने डाव बंद. दोन्ही नियम खेळ सुरू व्हायच्या आधी मोठ्याने म्हणायचे. तुमच्याकडेही असा अड्डा असेल, तर करून बघा. आणि नियम मांडायचा तो त्या दिवशी जास्त जिंकणाऱ्याने. हरणाऱ्याच्या तोंडी तो रडीचा वाटतो.

मागच्या शुक्रवारी मी साठ वर होते आणि पत्ते नुकते पिसून झाले होते. तोच मुलगा घड्याळाकडे बघून म्हणाला, "ताई, बस!"

आपल्या भाषेत या शब्दाचे तीन अर्थ होतात. मी जॅकेट घेतलं.