चालू काट्यावर

वणीजवळच्या एका जिनिंगात काट्याचा प्रोग्राम माझा. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि पावतीवर क्विंटलपुढचे किलो गायब! पूर्णांकांचा भागाकार करून ठेवला होता मीच. बंद करावा तर आत गेलेल्या गाड्यांची भरली वजनं मेमरीतच. ती उडाली असती. म्हणून व्हिज्युअल स्टुडिओत ब्रेकपॉइंटला थांबवला, ओळ बदलली, पिवळा बाण मागे ओढला, पुढे चालू. सी शार्पला ही सोय २००५ पासून आहे (जुन्या व्हीबीवाल्यांना त्याआधीच होती, ते ऐकवतातही). पण नवी ओळ पुढच्याच गाडीला लागते. आधीच्या ११ पावत्या छापून हातात गेलेल्या.

"काका, थांबा, तुमचे ४० किलो राहिले!" ओरडत फाटकाकडे पळालो. नऊ जण सापडले. दोन गाड्या निघून गेल्या होत्या.