खोकला अठरा दिवस राहतो

तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला गेले होते. सुरुवातीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न होता : साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक लागतं का? झाडून सगळ्यांनी 'नाही' लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकीच एकाच्या दवाखान्यात सकाळभर बसले. नाक वाहणाऱ्या, घसा खवखवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या चिठ्ठीवर ॲझिथ्रोमायसिन होतं.

गर्दी ओसरल्यावर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मला कळतं. पण मी नुसती पॅरासिटामॉल दिली तर पेशंट तिसऱ्या दिवशी पलीकडच्या डॉक्टरकडे जाणार. तो लिहून देणार. ताप तोवर आपोआपच उतरत आलेला असतो. मग गाव म्हणतं, त्याच्या हाताला गुण आहे."

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तोवर माझ्या व्याख्यानात असायचे जंतू आणि कल्चरच्या तबकड्यांची चित्रं. औषधाच्या कागदी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडलं, की औषध लागू पडतं. आज लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला चिकटून वाढलेला रोज दिसतो. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं नेली, हा अंदाज मी प्रत्येक व्याख्यानात सांगायचे. डॉक्टर हळहळायचे, आणि संध्याकाळी दवाखान्यात तीच चिठ्ठी लिहायचे. त्यांना जंतूंची माहिती कमी नव्हती. रोग्याला काय सांगायचं, याचे शब्द त्यांच्यापाशी नव्हते, आणि ते मी कधी शिकवलेच नव्हते.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला यासाठी फार मोलाचा वाटतो. आजार विषाणूचा आहे असं डॉक्टरांना स्वतःलाच वाटत होतं, तरी आईबापांना अँटिबायोटिक हवंय असा त्यांचा समज झाला, की ६२ टक्के वेळा ते लिहिलं गेलं. तसा समज नसेल तेव्हा फक्त ७ टक्के. आईबापांची खरी अपेक्षा काय होती, याचा लिहिण्याशी संबंधच आढळला नाही. आणि अपेक्षा असूनही अँटिबायोटिक मिळालं नाही, म्हणून कुणी नाराज झालं नव्हतं. नाराज झाले ते ज्यांच्याशी डॉक्टर नीट बोलले नाहीत ते.

म्हणून आता मी वर्गात नाटक करून घेते. एक रेसिडेंट आई होते, दुसरा डॉक्टर. "व्हायरल आहे, काही करायची गरज नाही" हे वाक्य मी बंद केलं आहे, कारण आईला त्यातून ऐकू येतं की डॉक्टरनं काहीच केलं नाही. त्याऐवजी तपासता तपासता बोलायचं : कान स्वच्छ आहेत, छातीत आवाज नाही, श्वास व्यवस्थित चाललाय. मग खोकला किती दिवस राहील ते सांगायचं. अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ साली काढलेली सरासरी जवळजवळ १८ दिवस आहे, आणि लोकांची कल्पना सात ते नऊ दिवसांची असते. आठव्या दिवशी डॉक्टर बदलला जातो तो या फरकामुळे. शेवटी, परत कधी आणायचं ते ठामपणे सांगायचं : दम लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, पाणीही पिईना, तर रात्री-अपरात्रीही घेऊन या.

हे सगळं बोलायला दोन-तीन मिनिटं लागतात. युरोपातल्या सहा देशांत २४६ दवाखान्यांवर झालेल्या प्रयोगात डॉक्टरांना असंच बोलायचं प्रशिक्षण दिलं, तेही इंटरनेटवरून, आणि तिथं अँटिबायोटिक लिहिणं कमी झालं.

न्यूमोनिया, मेंदूज्वर, सेप्सिस यांत मात्र तासाचा उशीरही जिवावर बेततो. तिथं हात आखडता घ्या, असं मी कधीच शिकवत नाही. औषध तिथं लागू पडावं म्हणून तर हा सगळा खटाटोप.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र पाठवून, अँटिबायोटिक लिहाल तेव्हा त्याचं कारणही लिहा, असं सांगितलं. मला हे फार पटलं. 'विषाणूजन्य ताप' लिहून त्याच्याच खाली ॲझिथ्रो लिहिताना पेन थबकतं, हे मी पाहिलं आहे. पण थबकलेला रेसिडेंट वर बघतो तो आपल्या सरांकडे. हर्नियासारख्या स्वच्छ शस्त्रक्रियेत जाळी बसवली, तरी चिरा देण्याआधी तासाभरात दिलेला एक डोस बहुतेकदा पुरतो. हे त्यानं पुस्तकात वाचलेलं असतं, तरी वॉर्डात तो पाच दिवसांचं इंजेक्शन लिहितो, कारण युनिटची तशी पद्धत असते. माझं स्पष्ट मत आहे की हे शिक्षण इंटर्नपासून नव्हे, विभागप्रमुखांपासून सुरू व्हावं. सकाळच्या राउंडला वरिष्ठांनी "हे का चालू आहे?" एवढं रोज विचारलं, तर माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त काम होईल.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा थंडी पडू लागलेली असेल आणि घरात कुणी ना कुणी खोकत असेल. दवाखान्यात गेलात तर "डॉक्टर, जरा स्ट्राँग काहीतरी द्या" असं म्हणू नका. "दोन दिवस वाट पाहिली तर चालेल का, आणि कशाकडे लक्ष ठेवू?" असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर द्यायची तयारी मी माझ्या विद्यार्थ्यांकडून करून घेतली आहे.